नागपुरात पाहायसारखं काय आहे हो ताई?

मागच्या महिन्यात ह्या पानावर मी सहज विचारलं होतं की तुमची नागपुरातली सगळ्यात आवडती इमारत कोणती, जुनी असो की नवी, आणि ती का आवडते ते दोन ओळीत लिहून पाठवा. दोन ओळी कुणीच लिहिल्या नाहीत, पानंच्या पानं आली! सगळ्यात जास्त दीक्षाभूमीवर, मग हायकोर्ट, स्टेशन, मेट्रो, आणि महाल ह्या जुन्या वस्तीतल्या वाड्यांवरची थोडी पण वाचताना गळा दाटून येईल अशी. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यांत काही विचारलेलं आहे तीच इथे घेतली.

ताई, मी मूळची पुण्याची, लग्न होऊन नागपुरात चार वर्षं झाली. माहेरचं कोणी आलं की दर वेळी तोच प्रश्न, नागपुरात बघायला काय आहे? मग आम्ही त्यांना फुटाळा तलावावर नेतो, संत्रा बर्फी हातात देतो आणि गाडीत बसवून देतो. दिवाळीनंतर आईबाबा आणि भाऊ-वहिनी येऊन राहिले आहेत. एकच पूर्ण दिवस मिळेल, काय दाखवू? – त्रिमूर्तीनगरची सूनबाई

सूनबाई, येणार आहेत ह्या अर्थाने नागपुरी ‘येऊन राहिले’ अगदी बरोबर वापरलंस, म्हणजे तू आता इथलीच. आणि ‘बघायला काय आहे’ हे मी लहानपणापासून ऐकते, वाईट ह्याचं वाटतं की बाहेरच्यांपेक्षा आपलेच लोक ते जास्त विचारतात.

तुझा दिवस स्टेशनवरच सुरू होऊ दे. पुण्याच्या गाडीतून सकाळी उतरले की लगेच ऑटोत कोंबू नको, बाहेर येऊन जरा मागे सरकून उभं राहा आणि पाच मिनिटं त्या इमारतीकडे बघा. 15 जानेवारी 1925 ला गव्हर्नर सर फ्रँक स्लाय ह्यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, म्हणजे शंभरी ओलांडलेली इमारत आहे ती, आणि दगड आपल्या सावनेरचा. हा दगड नीट बघून घ्या कारण पुढचा अख्खा दिवस त्याच्याभोवतीच फिरायचं आहे. तुमच्या पुण्याकडे सगळा काळा दगड, बेसॉल्ट. तो काळा दगड पूर्वेकडे येत येत नागपूरपाशी संपायला लागतो, सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची, आणि थोडं पुढे कामठीच्या बाजूला गेलं की वाळूचा दगड लागतो, भूगर्भशास्त्रात त्या थराचं नावच कामठी आहे. म्हणून आपल्या गावाला दोन्ही रंग मिळाले. भोसल्यांनी काळा वापरला, इंग्रजांनी पिवळसर-तांबूस वाळूचा, आणि हा फरक एकदा डोळ्यात बसला की कुठल्या गल्लीत कोणाचं राज्य होतं ते पाटी न वाचता कळतं.

मग तर्री पोहे खाऊन सिव्हिल लाइन्स. शक्यतो रविवार धरा, रस्ते रिकामे असतात. 1861 ला नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि 1956 पर्यंत राहिलं, त्या जवळजवळ 100 वर्षांचं बांधकाम इथे झाडांच्या मागे उभं आहे. विधानभवन बघा, 1912 च्या सुमाराचा पाया आहे. पण जास्त वेळ हायकोर्टासमोर द्या, हे माझं स्पष्ट मत. 9 जानेवारी 1937 ला सर हाइड गोवन ह्यांनी कोनशिला बसवली, 6 जानेवारी 1940 ला व्हाइसरॉय लिनलिथगो उद्घाटनाला आले आणि बघून म्हणाले की ही दगडातली कविता आहे. आर्किटेक्ट एच. ए. एन. मेड, नवी दिल्ली बांधणाऱ्या मंडळींमधला माणूस, तिथलं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन त्याचंच. खर्च 7,37,746 रुपये! लांबी 400 फूट, रुंदी 230, मधला घुमट जमिनीपासून 109 फूट. पण मला हे आकडे पाठ आहेत ते घुमटासाठी नाही, मधल्या बागेसाठी. चारही बाजूंनी दोन मजली इमारत आणि पोटात उघडा चौक, म्हणजे विचार कर, आपल्या वाड्याचाच प्लॅन की हा, फक्त मापं मोठी आणि खांब विलायती. नागपूरच्या 45 डिग्रीत दुसरं काही चालतच नाही हे दिल्लीहून आलेल्या आर्किटेक्टलाही पटलं असणार. आत कामाशिवाय सोडणार नाहीत, पण रस्त्यावरून सकाळच्या उन्हात तो दगड जो रंग धरतो तो बाबांना आवडेल बघ.

जाता जाता ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, 1851 चं, 1879 मध्ये जी. एफ. बोडली ह्या इंग्लंडमधल्या नावाजलेल्या आर्किटेक्टने त्याचा विस्तार केला. लहानसं आहे, शांत आहे. आणि अजब बंगला सोमवार सोडून, 1863 चं म्युझियम, भावाची मुलं बरोबर असतील तर तिथून लवकर निघणार नाहीत.

दुपारी जेवून महालात जा. गाडी बाहेर ठेवा. गांधीगेटातून पायी शिरा, त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा, शहराला तटबंदी होती त्यातला उरलेला दरवाजा. आत भोसल्यांचा राजवाडा होता, काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने भरलेला, तो 1864 मध्ये आगीत गेला आणि मागे राहिला तो नगारखान्याचा मोठा दरवाजा. त्याच्यासमोर उभं राहून आत काय असेल ह्याचा अंदाज करायचा, बस. मग रुक्मिणी मंदिर, मग चिटणवीस वाडा बाहेरून, मग गल्ल्यांमधून नुसतं फिरायचं आणि वर बघायचं कारण खाली सगळी दुकानं झाली आहेत, वरच्या मजल्यावर मात्र अजून सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, महिरपी, वरच्या छज्जाला आधार देणारे कोरलेले हस्त दिसतात. आईंना म्हणावं मान दुखेपर्यंत वर बघा.

संध्याकाळी दीक्षाभूमी. तिच्याबद्दल खाली एका ताईंना सविस्तर लिहिलंय ते वाचून जा. आणि आणखी एक अर्धा दिवस निघालाच तर रामटेक, 50 किलोमीटर आहे. सगळे गडमंदिरात जाऊन परत येतात, तू मात्र त्यांना वाटेतल्या केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह मंदिरांपाशी थांबव. पाचव्या शतकातली, वाकाटकांची. लहानशी, चौकोनी, तांबूस दगडाची, आत अख्खा गाभारा भरून बसलेला नरसिंह. शनिवारवाड्याला बाराशे-तेराशे वर्षांनी मोठी आहेत ती!

ताई, तुमचं पान आवडीने वाचतो पण एक खटकतं. हायकोर्ट, विधानभवन, स्टेशन, चर्च, सगळं इंग्रजांचं. गुलामीच्या खुणांचं एवढं कौतुक कशाला? – एक निवृत्त शिक्षक, हनुमाननगर

गुरुजी, रागाने लिहिलंय तुम्ही पण मनापासून लिहिलंय म्हणून मीही तसंच उत्तर देते. साहेबाने नकाशा काढला हे खरं. पण दगड सावनेर-कामठीच्या मातीतला, तो फोडला, घडवला, चढवला तो इथल्या पाथरवटांनी, गवंड्यांनी, डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायांनी, आणि पैसा प्रांताच्या लोकांच्या करातला. कोनशिलेवर त्यांचं नाव नाही, इमारत मात्र त्यांची आहे. मी तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काढली, नकाशातली सरळ रेघ दगडात सरळ उतरवणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, हायकोर्टाच्या कोपऱ्याकोपऱ्यात ज्यांनी ते केलंय त्यांच्यासाठी मी कौतुक करते. आणि 1953 च्या नागपूर करारात वर्षाचं एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, म्हणून त्या विधानभवनात बहुतेक हिवाळ्यांत आपलेच आमदार बसतात, बाहेर आपलेच मोर्चे येतात. इमारत आता आपण वापरतो त्याची आहे.

सीताबर्डीचा किल्ला बघा. नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज तिथे लढले, आपण हरलो, मग इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. ती खूणही पुसायची का? मला तर वाटतं प्रत्येक नागपूरकराने एकदा वर जाऊन ती जागा बघावी. सैन्याच्या ताब्यात आहे त्यामुळे एरवी जाता येत नाही, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडतात.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे, की आपण पाढा इंग्रजांपासूनच वाचायला लागतो. 1702 मध्ये बारा छोट्या छोट्या गावांना एकत्र करून हे शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानने तट बांधला, जुम्मा तलाव केला, ज्याला आपण आज शुक्रवारी तलाव नाहीतर गांधीसागर म्हणतो. रघुजी भोसले त्यानंतरचे. आणि त्याच्याही मागे जायचं तर काटोल रोडवर जुनापाणीला जा, लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, मोठमोठे दगड गोल मांडलेले, शेकड्यांनी, आपल्या मेलेल्या माणसांसाठी. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक ह्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे उत्खनन केलं होतं. भिंत नाही, छत नाही, पण माणसाने ठरवून दगड रचलेली नागपूरच्या भागातली अतिशय जुनी जागा आहे ती, माझ्या मते आपली सगळी वास्तुकला तिथून सुरू होते. पावसाळ्यानंतर शाळेच्या मुलांना घेऊन जा गुरुजी, निवृत्त झालात तरी मुलं तुमचं ऐकतील.

ताई, महालात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे, आम्ही तिघं भाऊ. धाकट्या दोघांना बिल्डरला द्यायचा आहे, मला नाही. पण भिंतींना ओल आली आहे, पोपडे पडून राहिले. ठेकेदार म्हणतो सगळा जुना गिलावा काढून सिमेंटचा मारू, पन्नास वर्षं बघायला नको. काय करू? – एक वाडेकर

भाऊ, तुमचं पत्र मी दोन वेळा वाचलं आणि आधी तुम्हाला हात जोडून सांगते, सिमेंट लावू देऊ नका. आमच्या मामांकडे नेमकं हेच झालं. ओल दिसली, ठेकेदार आला, सिमेंट मारून गेला, दोन वर्षं भिंत आरशासारखी दिसली आणि तिसऱ्या पावसाळ्यात आतून फुगून हातभर पापुद्रे एकदम खाली आले, त्याच्याबरोबर आतली वीटही पीठ होऊन आली. त्या भिंतीजवळ आजीचा पलंग होता, ती तेव्हा अंगणात होती म्हणून वाचली.

कारण काय, ते समजून घ्या म्हणजे ठेकेदाराशी बोलता येईल. तुमची भिंत वीट, माती आणि चुन्याची आहे. अशी भिंत पाणी पिते आणि परत सोडते, उन्हाळ्यात कोरडी होते, पावसाळ्यात थोडी ओलावते, शे-दोनशे वर्षं तिचं हेच चाललंय. सिमेंटचा थर म्हणजे तिच्या अंगावर रेनकोट घालून वरून शिवून टाकल्यासारखं. जमिनीतून चढलेलं पाणी बाहेर निघायला जागाच नाही, मग ते आतल्या आत वर चढत जातं, मीठ धरतं, आणि जिथे जाईल तिथे पोपडे. लाकडी तुळईचं टोक त्या भिंतीत बसलेलं असेल तर ते सडतं, मग वाळवी. वाडा पडतो तो म्हातारपणाने नाही भाऊ, बहुतेक वेळा अशा दुरुस्तीने पडतो.

तर मग करायचं काय. गिलाव्याला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पन्हाळ फुटलंय का, कवेलू दर वर्षी पावसाळ्याआधी फेरता की सोडून दिलंय, मोरीचा पाइप भिंतीला लागून गळतोय का, बाहेरचा रस्ता डांबर चढून चढून तुमच्या जोत्यापेक्षा उंच झालाय का. महालात तर हे शेवटचं कारण घरोघरी आहे. पाणी थांबलं की एक पूर्ण उन्हाळा भिंत वाळू द्या, घाई करू नका. मग जुना सैल झालेला गिलावा तेवढाच काढा, जो धरून बसलाय तो ठेवा, आणि चुन्याचाच नवा करा. कळीचा चुना विझवून भिजत ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला, त्यात वाळू आणि विटांची सुरखी, आणि जुने गवंडी गूळ, बेलफळ, हिरडा ह्यांचं पाणी घालायचे ते उगाच नाही, चुना चिकट होतो, सावकाश धरतो, तडे जात नाहीत. एका दिवसात जाड थर नको, पातळ पातळ द्यायचे, मधे वाळू द्यायचं. वरून ऑइलपेंट नाही, प्लास्टिक पेंट नाही, चुन्याची सफेदी, पाहिजे तर थोडी नीळ. हे काम येणारे गवंडी आता कमी आहेत पण आहेत, जुन्या देवळांची कामं जिथे चालू असतील तिथे जाऊन विचारा, तिथेच सापडतात.

आता भावांचं. वाडा हेरिटेजच्या यादीत आहे का ते महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बघा. ग्रेड 1, 2, 3 असे प्रकार असतात, पहिल्यात जवळजवळ काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात आत थोडे बदल चालतात पण हेरिटेज समितीची परवानगी लागते. यादीत असेल तर हेरिटेज टीडीआरची तरतूद नियमात आहे, म्हणजे न बांधलेल्या मजल्यांचा हक्क विकून पैसे उभे करता येतात. भावांपुढे हे ठेवा. त्यांना पैसा पाहिजे ह्यात काही चूक नाही, तिघांचे संसार आहेत, फक्त पैशासाठी वाडा पाडणं हा एकच रस्ता आहे असं त्यांना वाटून राहिलं आहे. पुढची ओसरी आणि चौक ठेवून मागच्या परसात नवीन खोल्या काढता येतात का हे एखाद्या आर्किटेक्टकडून मोजून घ्या. आणि बोलणी करायला तिघं बाहेर कुठे बसू नका, चौकातच बसा, मे महिन्यातल्या दुपारी, पंखा न लावता.

माझ्या मुलीच्या शाळेत प्रोजेक्ट आहे. झिरो माइल म्हणजे भारताचा बरोबर मध्य, हे खरं का? – एक आई, मानेवाडा

प्रोजेक्टमध्ये ‘लोक असं मानतात’ असं लिहायला सांगा. तिथल्या दगडावर जी.टी.एस. स्टँडर्ड बेंचमार्क 1907 असं आहे, म्हणजे इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्व्हेचा तो समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याचा पक्का खुणेचा दगड, उंची 1020.171 फूट. आजच्या नकाशावर मध्य काढणारे मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी दाखवतात. पण मुलीला घेऊन तिथे नक्की जा, वाळूच्या दगडाचा खांब आणि ते चार घोडे कागदावर काढायला लावा, फोटो चिकटवू नका. हाताने काढलं की कुठल्या घोड्याचा पाय कसा आहे ते जन्मभर लक्षात राहतं.

ताई, माझी आजी 1956 ला दीक्षाभूमीवर होती, मांडीवर माझी आई होती, चार महिन्यांची. आम्ही दर दसऱ्याला जातो. पण स्तूपाबद्दल, तो कोणी बांधला, आतून पोकळ का, हे मला माझ्या मुलांना सांगता येत नाही. – इंदोऱ्याहून

ताई, ज्यांची आजी 14 ऑक्टोबर 1956 ला त्या मैदानात होती त्यांना मी काय सांगू, तरी इमारतीपुरतं सांगते.

आर्किटेक्ट शिवदान मल. काम जुलै 1978 मध्ये सुरू झालं आणि 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन ह्यांनी उद्घाटन केलं, म्हणजे 23 वर्षं. ह्या 23 वर्षांत आम्ही शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागलो आणि तो घुमट तेवढा वर येताना बघत राहिलो, तव्यावर चपाती फुगत यावी तसा. उंची 120 फूट. दगड धोलपूरचा, राजस्थानचा वाळूचा दगड, बरोबर ग्रॅनाइट आणि संगमरवर. चार दिशांना सांचीसारखी तोरणं.

आता तुमचा पोकळपणाचा प्रश्न, तो सगळ्यात महत्त्वाचा. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे. जुने स्तूप तसेच असतात, मधे अवशेष आणि त्यावर माती-विटा-दगड, माणसाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची, आत जायचं नाहीच. नागपूरच्या स्तूपात मात्र माणूस आत जातो. बाहेरून पाहिलं तर सांचीचा तोच अर्धगोल, आणि आत पाऊल टाकलं की डोक्यावर एवढं मोठं मोकळं आभाळ, मधे बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांच्या अस्थी. ज्यांना हजारो वर्षं देवळाच्या बाहेर उभं केलं त्यांच्यासाठी बांधलेली इमारत आतून मोकळी आहे, तिला चारी बाजूंनी दरवाजे आहेत, ह्याहून चांगला विचार मी कुठल्या आर्किटेक्टच्या कामात पाहिला नाही. मुलांना हेच सांगा. आणि आत नेऊन हळूच एक शब्द बोलायला लावा, तो घुमटात फिरून परत येतो तेव्हा त्यांना आपोआप कळेल.

बाजूचा बोधिवृक्षही दाखवा, श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या झाडाच्या फांदीचा आहे. दसऱ्याला गर्दीत हे काही नीट दिसत नाही, म्हणून अधल्यामधल्या साध्या मंगळवारी वगैरे जा, पहाटे, तेव्हा पांढरा घुमट आधी निळसर दिसतो, मग गुलाबी. कामठीचं ड्रॅगन पॅलेसही त्याच दिवशी करा, 1999 चं, जपानी मैत्रीतून उभं राहिलेलं, दोन्ही एका दिवसात बघितलं की बुद्धाचं घर किती वेगवेगळ्या तऱ्हेने बांधता येतं ते मुलांना दिसेल.

आजी आहेत का अजून? असतील तर त्यांच्या तोंडून त्या दिवसाचं मैदान कसं होतं, स्तूप नव्हता तेव्हा तिथे काय होतं, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, आजच.

ताई, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपमध्ये भांडण सुरू आहे. मी म्हणतो मेट्रोचा डबल डेकर हे आजच्या नागपूरचं आर्किटेक्चर, बाकीचे पोट्टे म्हणतात तो पूल आहे, आर्किटेक्चर नाही. – बजाजनगर

बाळा, तू अर्धा बरोबर आहेस. वर्धा रोडचा तो 3.14 किलोमीटरचा, खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो, 2022 मध्ये त्याला गिनीजचं प्रमाणपत्र मिळालं. एकाच खांबावर दोन रस्ते घेतले म्हणजे दुसऱ्यांदा जमीन खणावी लागली नाही, ही हुशारी आहेच. कामठी रोडवर तर गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर पूल, त्यावर मेट्रो, चार मजली वाहतूक! लोहाराच्या, वेल्डरच्या कामाला नमस्कार करावा असं आहे. पण आर्किटेक्चर म्हणायला माझी एक अट आहे, खाली उभ्या माणसाला काय मिळालं? जुन्या सिव्हिल लाइन्समध्ये रस्त्यावरच्या माणसाला झाडाची सावली मिळत होती. पुलाखाली सावली आहे, पण तिथे बसता येतं का, चालता येतं का, म्हातारी बाई रस्ता ओलांडू शकते का, हे तू आणि तुझ्या ग्रुपने जाऊन मोजा, दुपारी दोन वाजता, आणि मला लिहा. भांडण त्यातून सुटेल.

एक गोष्ट मेट्रोने फार सुंदर केली. सीताबर्डीहून कस्तुरचंद पार्ककडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी उभा राहा, जे शहर आपण आयुष्यभर खालून पाहिलं ते पहिल्यांदा पक्ष्यासारखं दिसतं, किल्ल्याची टेकडी, झाडांचे शेंडे, मधे मैदान आणि त्यातली ती छत्री. नव्या इमारतीने जुनी इमारत दाखवावी, ह्यापेक्षा मोठं काम काय असतं? आधुनिक म्हणशील तर जामठ्याचं स्टेडियमही बघून ये, शशी प्रभूंचं, वानखेडेही त्यांचंच, 2008 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली ती सौरव गांगुलीची शेवटची. मॅच नसताना स्टेडियमच्या रचनेकडे बघण्यात वेगळी मजा आहे, लोक कसे आत येतात आणि कसे बाहेर पडतात एवढंच बघत राहा.

ताई, माझी आवडती इमारत आता नाही. एम्प्रेस मिल. सूतकताई खात्यात 28 वर्षं काम केलं. नसलेली इमारत तुमच्या यादीत चालते का? – एक गिरणी कामगार, वय 81

काका, चालते. तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्यानंतर मला दुसरं काही लिहिता आलं नसतं.

1 जानेवारी 1877, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी मिल सुरू केली म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून नागपुरात आले कारण कापूस इथला, दगडी कोळसा वरोऱ्याचा, आणि 1867 पासून रेल्वे आलेली. जुम्मा तलावाजवळची ती जमीन दलदलीची होती, तिथे भराव घालताना एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता, म्हणाला की हा माणूस सोनं मातीत घालतोय. त्याच मिलने 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन सुरू केली. मोठमोठ्या इमारतींच्या यादीत गिरण्या कधी येत नाहीत, पण एका छताखाली हजारो माणसांनी पिढ्यान् पिढ्या काम केलं असं नागपुरात दुसरं छत कोणतं होतं? माझ्या लहानपणी भोंगा झाला की आई डबा भरायला घ्यायची, बाबा काही मिलमध्ये नव्हते, पण अर्धं गाव त्या भोंग्यावर चालायचं. आता तिथे मॉल आणि फ्लॅट आहेत. मी तिथून जाते तेव्हा चिमणी कुठे होती ते शोधते आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी बोट जातं.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे काका. एक मोठा कागद घ्या, नातवाला बाजूला बसवा, आणि गेटातून आत शिरल्यावर डावीकडे काय, उजवीकडे काय, तुमचं खातं कुठे, पाण्याचा नळ कुठे, जेवायला कुठे बसायचात, चिमणी कुठे, हे सगळं आठवेल तसं काढून पाठवा. माप चुकलं तरी चालेल, रेघ वाकडी आली तरी चालेल, मी ड्रॉइंग बोर्डवर बसून ते नीट करून घेते. पुढच्या अंकात अर्धं पान मी रिकामं ठेवलंय.